निघण्याआधी पोचलेलं यान

तुळशीराम जुमडे लोणारच्या बसस्थानकावर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी कधी आली, कधी सुटली हे वहीत लिहायचं आणि भोंग्यावरून सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंतराळावर कथा लिहायला घेतली. घरात कुणी कारण विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलंही नाही.

कथेत लोणारहून सुटलेलं यान सूर्यानंतरच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्यापाशी नऊ तासांत पोचत होतं. नऊ तास त्यांनी पुण्याच्या गाडीवरून घेतले होते.

त्यांची भाची निशिगंधा मेहकरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ती रविवारी आली, तेव्हा त्यांनी वही तिच्यापुढे ठेवली. त्या ताऱ्याच्या प्रकाशालाच इथं यायला सव्वाचार वर्षं लागतात आणि प्रकाशाच्या पुढे काही जात नाही, असं तिनं सांगितलं. मामाचा चेहरा पाहून एक पळवाटही सांगितली. कागदावर असं गणित आहे, की यानानं जागचं हलायचंच नाही. पुढचं अवकाश आकसायचं आणि मागचं पसरायचं. फक्त त्याला उणे ऊर्जा लागते, आणि ती तेवढी कुणाला सापडलेली नाही.

"ते माह्यावर सोड," तुळशीराम म्हणाले. "सापडली म्हून लिहितो."

मग तिनं राहिलेलंही सांगून टाकलं. प्रकाशाला मागं टाकणारं यान कुणाच्या तरी घड्याळानं सुटायच्या आधीच पोचलेलं दिसेल. परतीची खेप नीट जुळवली, तर निघायच्या आधी घरीसुद्धा येईल.

"गाडी सुटलीच नाही, अन् आली?"

"हो मामा."

"हे नाही चालत."

दोन दिवस त्यांनी वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी नवी वही आणली. आता यानाचा वेग प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाएवढा होता आणि प्रवास साडेबेचाळीस वर्षांचा. निघालेली माणसं वाटेत म्हातारी होतात, पोरं यानातच जन्मतात. एक माणूस दर वर्षी किती अंतर राहिलं ते सगळ्यांना मोठ्यानं सांगतो. तो गेल्यावर त्याची मुलगी सांगते.

कथा अकोल्याच्या एका दिवाळी अंकात छापून आली. विनोदी विभागात. सोबत चित्र होतं: यानाच्या टपावर बांधलेली बोचकी.

गल्लीतल्या लोकांनी अभिनंदन केलं. हसून पोट दुखलं, असं औषधवाल्यानं मुद्दाम येऊन सांगितलं. निशिगंधा फोनवर चिडली. संपादकांना पत्र लिहू का, असं तिनं विचारलं. तुळशीराम राहू दे म्हणाले. मात्र चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, चष्मा लावून अंक हातात घेतला. त्यांनी नवऱ्याचं लिहिलेलं आजवर काही वाचलं नव्हतं. वाचायला तासभर लागला. तुळशीराम समोर पेपर धरून बसले होते. पान उलटायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"लोकं याले काऊन हासून राह्यले?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"मले काय मालूम."

"मले तं कुठंच हासू नाही आलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाप मेल्यावर जे पोरगी सांगते, तिचं नाव काय?"

तुळशीरामांनी तिला नाव दिलंच नव्हतं.

"साडेबेचाळीस वर्षं बिना नावाची ठेवली तुमी तिले," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि बराच विचार करून त्यांनी डिंपल सुचवलं.

तुळशीरामांनी पेन काढून अंकातच लिहून घेतलं.