भुईला न लागणारा चंद्र

२४ एप्रिल १९८६, चैत्री पौर्णिमा. काम : टँकरचं पाणी हौदात भरणे.

त्या दिवशी टँकर दुपारी दोनला आला. सकाळची शाळा शिकवून मी घरी पोचले होते, म्हणून रांगेत पुढे लागता आलं. लातूरचा वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. कचेऱ्या आल्या, साहेब आले, खोल्यांची भाडी वाढली. पाण्याचं मात्र कोणाला जमलं नाही. आमच्या गल्लीत चौथ्या दिवशी टँकर यायचा. हे नांदेडला एका कॉलेजात नोकरीला होते. शनिवारी घरी आले की गोदावरीला पाणी किती आहे ते सांगायचे. त्यानं आमची घागर भरत नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

मी भाड्यानं राहत होते ते घर मावशींचं. मावशी म्हणजे घरमालकीण. साठीच्या, रेणापूरकडच्या शेतकरी घरातल्या. मुलगा इथल्या डाळमिलमध्ये लागला, तेव्हा त्याच्यासोबत लातूरला आल्या आणि अंगणातल्या दोन खोल्या मला दिल्या. अंगणात सिमेंटचा हौद होता. हौद त्यांचा, टँकरची रांग माझी, पाणी दोघींचं, असा आमचा ठराव होता आणि तो कधी मोडला नाही.

त्यांच्या सुनेचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या माहेरच्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता, म्हणून ती इथेच राहिली. आज की उद्या, अशी वेळ. अशा घरात पाणी किती लागतं ते बायकांना सांगायला नको.

चोवीस घागरी झाल्या. शेवटची ओतताना मावशी म्हणाल्या, "बाई, आज गिराण हाय. सुटलं की हौद रिकामा करावा लागल."

मी घागर खाली ठेवली. ग्रहण सुटलं की घरात साठवलेलं पाणी टाकून द्यायचं, भांडी घासून नवं भरायचं, हा रिवाज मला ठाऊक होता. आमच्या घरी तो नव्हता. आम्ही लिंगायत. माझ्या सासूबाई कसलंच सुतक मानायच्या नाहीत आणि ग्रहणातही चहा प्यायच्या. मावशींना मी विचारलं, टाकायचंच होतं तर भरू कशाला दिलं? त्या म्हणाल्या, दारात आलेला टँकर परत पाठवायचा का? एरवी त्यांनी तुळशीचं पान टाकून भागवलं असतं, पण या वक्ताला घरात पोटुशी होती. त्या पाण्यानं बाळाला काही झालं तर आयुष्यभर मनाला लागून राहील. पुढचा टँकर सोमवारी, हे मी सांगितलं. त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. पाणी टाकायची हौस त्यांना नव्हती.

मी नववीला विज्ञान शिकवत होते. चंद्रावर पडते ती पृथ्वीची सावली, तिचा हौदाशी संबंध नाही, हे मी त्यांना नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सावलीचं त्यांनी रेडिओवर ऐकलंय. म्हणून काय झालं?

ग्रहण लागलेलाच चंद्र उगवणार होता. संध्याकाळी सुनेला आतल्या खोलीत निजवलं. हातात सुरी नको, सुई नको, कुशीवर वळायलाही नको. तिनं मला हळूच विचारलं, खाजवलं तर चालतं का? मी म्हटलं, खाजव. मावशी अंगणात हौदाला टेकून बसल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी माझा चहा घेऊन पलीकडे बसले. पूर्वेला डाळमिलच्या पत्र्यांवर धूळ होती आणि चंद्र उगवला तरी दिसेना. मग धुळीतून एक तांबूस, मळकट गोळा वर आला. त्याची एक कड तेवढी लख्ख होती.

बघायचं नाही म्हणत मावशी बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सावली पडू द्या. पर एवढा मोठा गोळा वर राहिलाय कशावर? खाली का पडंना?"

हा माझा आवडता धडा. मी तांब्याला सुतळी बांधली आणि डोक्याभोवती गरगर फिरवली. सुतळीची ओढ आहे म्हणून तांब्या सुटून जात नाही, तशी पृथ्वीची ओढ आहे म्हणून चंद्र फिरत राहतो. पंधरा वर्षं मी हेच दाखवत आले होते आणि मुली माना डोलवत आल्या होत्या.

मावशी म्हणाल्या, "सुतळी सोडली तर तांब्या लांब जाईल. मी विचारते, त्यो जवळ का येईना? धरती वढतीय, तर वढून घेईल की."

माझ्या तांब्यानं भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, आणि ते पंधरा वर्षांत एकाही मुलीनं मला सांगितलं नव्हतं.

मावशी माहेरी ज्वारी राखायच्या, शेतातल्या माळ्यावर उभ्या राहून गोफण चालवायच्या, हे मला माहीत होतं. मी विचारलं, गोफणीचा दगड कुठे पडतो? हलका मारला तर बांधावर, त्या म्हणाल्या, जोरात मारला तर बांधापल्याड. आणि त्याहून जोरात? ओढ्यापल्याड. त्यांचा हात अजूनही तसा वळत होता. मी म्हटलं, दगड जाताना खाली पडतच असतो ना? पण जमीन गोल आहे, लांब गेलं की तीही खाली वाकत जाते. असा जोर लावला, की दगड जितका खाली येईल तितकीच जमीन वाकून खाली जाईल, तर?

मावशींनी बोटानं धुळीत एक गोल काढला आणि त्याच्याभोवती बोट फिरवत राहिल्या.

"म्हंजी पडतच राहिलाय की त्यो," त्या म्हणाल्या. "पर भुईला लागंना."

"हाव," मी म्हटलं. शाळेत मी हाव म्हणत नाही.

मग त्यांनी वाऱ्याचं विचारलं. त्यांच्या दगडाला वारा अडवायचा. मी सांगितलं, तिथे वारा नाही, म्हणून जोर कमी होत नाही. पहिल्यांदा कोणी मारला, असंही त्यांनी विचारलं. ते मला नीट सांगता येणार नाही, असं मी म्हटलं आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

आठाच्या सुमाराला चंद्र पुरा सुटला. मी उठले. बादली त्या मागतील आणि मला चोवीस घागरी गटारात जाताना बघाव्या लागतील, असं वाटत होतं. त्यांनी बादली मागितलीच. पण हौदापाशी न जाता माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्यात सुतक न्हाई ना?"

"नाही."

"मग ह्ये पाणी मी तुमच्या घरात टाकते. त्यो पडतो पर भुईला लागत न्हाई, तसं माझं पाणी टाकते पर भुईला लागू देत न्हाई. सकाळी तुमचं पाणी मला उसनं द्या. तुमच्या घरचं पाणी चांगलं हाय, त्याला गिराण लागत न्हाई."

त्या अजिबात हसत नव्हत्या. त्यांच्या हिशेबानं पाणी टाकलेलं होतं आणि दुसऱ्या घरातून नवं यायचं होतं. मला त्यात चूक काढता आली नाही, आणि काढायचीही नव्हती. मी ड्रम पुढे ओढला, तेलाचे रिकामे डबे काढले, हंडे, कळशा, पातेली, पिठाची परातसुद्धा मांडली. त्यांनी बादलीनं उपसून दारापर्यंत आणलं, मी आत ओतलं. तळाच्या पाण्यानं हौद घासला. मग माझ्याकडून दोन तांबे मागून त्यांनी अंघोळ केली, सुनेला वाढलं आणि स्वतः जेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. एकवीस घागरी परत हौदात ओतल्या, त्यावर पत्रा टाकला, आणि साडेसहाच्या आत शाळेत गेले.