फुंकरीच्या अक्षता

आमच्या साडभाऊंनी जगाकडे कधी डोळे भरून पाहिलंच नाही. त्यांनी ते चिमटीत धरून फक्त फुंकून पाहिलं. ते यवतमाळला औषधशास्त्र शिकवायचे, आणि दम्याच्या माणसाने श्वासाबरोबर ओढायची कोरडी पावडर सुधारणं हा त्यांचा ध्यास. त्यापायी आमच्या घरातलं बेसन, मुलीची टाल्कम पावडर, शेजाऱ्यांचं तिखट, कशाचीच अब्रू शिल्लक राहिली नाही. तिखटाच्या प्रयोगानंतर अख्खी गल्ली शिंकत होती आणि हे टाळ्या पिटत होते, "पाहा, कसं मस्त उडून राह्यलं!"

हे सारं आमच्या दिग्रसच्या सासूबाईंसाठी. त्यांचा जन्म कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगशेजारी गेला. कापसाची धूळ छातीत बसलेली. पावडर ओढायला दम कमी पडे, औषध घशातच राही. कमी दमातही खोल उतरेल अशी पावडर साडभाऊंना करायची होती, आणि सासूबाईंच्या हयातीत करायची होती.

धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं त्या साली कापूस असा बुडाला की जिनिंग लवकर बंद पडलं. मग मांडव त्याच आवारात घातला. मंगलाष्टकं चालू असताना साडभाऊ हातातल्या अक्षतांकडे टक लावून बसले आणि एकदम ओरडले, "अहो, हेच तर आमचं औषध! तांदूळ म्हणजे दवा वाहून नेणारा साखरेचा जाडा कण, कुंकू म्हणजे त्याला चिकटलेली बारीक दवा. नेताना चिकटून राहावं, आत गेल्यावर सुटावं!" आणि त्यांनी तळहातावर जोरात फुंकर मारली. घाटंजीच्या वऱ्हाडाला वाटलं, मुलीकडची रीत असेल. उगाच रुसवेफुगवे नकोत म्हणून 'सावधान' होताच सगळ्यांनी गाल फुगवून अक्षता फुंकल्या. भटजी शिंकले. नवरदेवाचा पांढरा कोट गुलाबी झाला. त्याचे वडील माझ्या कानाशी लागले, "आमच्याकडं नाही जी अशी पद्धत, पण मस्त हाय."

सासूबाई हसून हसून बेजार झाल्या आणि हसता हसताच त्यांना धाप लागली. पावडर ओढली, ती नेहमीसारखी जिभेवरच राहिली. फवाऱ्याचं औषध दिल्यावर कुठे धाप थांबली. "जावई," त्या म्हणाल्या, "कुंकू तांदळालेच चिकटून राह्यलं जी." सगळे हसले. साडभाऊ तेवढे हसले नाहीत.

पुढे पावडर सुधारत गेली आणि सासूबाई खंगत गेल्या. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात जो डॉक्टर येई त्याला त्या ऐटीत सांगत, "जरा थांबा जी, माह्या जावयाची दवा येऊन राह्यली." साडभाऊ पायथ्याशी उभे राहून मान डोलवत.

त्या गेल्या. दवा अजून चाचण्यांतच आहे. साडभाऊ रोज प्रयोगशाळेत जातात, पण त्यांना आता कसली घाई म्हणून नसते, आणि तेच मला बघवत नाही.