दहावा कप

माझी मुलगी प्रभावती लहानपणापासून तुटलेली वस्तू टाकू द्यायची नाही. पाटीची चौकट निघाली तर तारेने बांधायची, चपलेचा अंगठा स्वतः शिवायची. भांडण मात्र तिला कधी जमले नाही. वर्गात कोणी पेन्सिल पळवली तर घरी येऊन दुसरी मागायची. मी म्हणायची, "जाऊन परत घे." ती म्हणायची, "जाऊ दे ना आई." हे 'जाऊ दे' तिने वडिलांकडून उचलले. साहेबराव बदनापूर स्टेशनवर तिकीटबाबू होते. गाड्या आणि माणसे दोन्ही जाऊ द्यायची त्यांना सवय होती. माझ्याकडून तिला फक्त नाक मिळाले.

परभणीला शेतकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना, १९७६ साली, तिची डेन्मार्कसाठी निवड झाली. सहा महिने तिथल्या शेतकी शाळेत शिकायचे आणि शेजारच्याच एका शेतकऱ्याच्या घरी राहायचे. जाणे-येणे, शिकणे, जेवण, सगळे योजनेतून. बदनापुरात ज्याने त्याने विचारले, "पोरीला एकटीला पाठवून राह्यले?" मी ताठ मानेने हो म्हणाले आणि घरी येऊन तिच्या ट्रंकेत चौथा स्वेटर कोंबला. आमटीचा येसर मसाला, लाल चटणी, सुंठ, खोबरेल तेलाचा डबा. शाळेच्या नकाशात डेन्मार्क माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. ती गेल्यावर घड्याळ पाहिले की मी साडेचार तास मागे जायची. आता उठली असेल. आता थंडीत निघाली असेल. कानाला काही बांधले असेल का?

तिचे दुसरे पत्र सप्टेंबरात आले. आधी घराचे वर्णन. इंगरबाई आणि त्यांचे यजमान नील्स, दोन मुलगे, चाळीस गायी. स्वतःची खोली. आणि खाली, जागा उरत नाही अशा बारीक अक्षरात: "आई, इथेही माझा कप वेगळा आहे. पहिल्याच दिवशी इंगरबाईंनी कपाटातून काढून दिला आणि सांगितले, हा तुझा, फक्त तुझा. दाराजवळच्या शेवटच्या खिळ्याला टांगला. जाऊ दे. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे."

ते वाचून मला काय झाले हे कळायला माझा कप सांगावा लागेल.

मी बी.ए., बी.एड. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा मी, नुकतीच लग्न झालेली, औरंगाबादला कॉलेजात होते. पुढे ज्या गावच्या शाळेत मी बदनापूरहून रोज एस.टी.ने जात होते, त्या गावाचे नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल. तिथे स्टाफरूममध्ये नऊ कप एका ट्रेमध्ये असत, निळ्या फुलांचे. दहावा खिडकीत, पांढरा, कान तुटलेला. तो माझा. माझा मीच धुवायचा. शिपाई रखमाजी त्यात वरून चहा ओतायचा, कपाला किटली लागू न देता. हे मुख्याध्यापक काकासाहेबांचे फर्मान. त्यांनी ते कधी तोंडाने उच्चारले नाही. पहिल्या दिवशी नुसते खिडकीकडे बोट केले आणि म्हणाले, "बाई, तुमची सोय तिकडे केलीय." अकरा वर्षे मी ती सोय वापरली. नोकरी होती, पोरगी शिकत होती. मुलांना नागरिकशास्त्र मीच शिकवत होते.

मी लगेच निळे हवाई पत्र आणून लिहिले: "तो कप फोड. सगळे जेवायला बसलेले असताना, त्यांच्या देखत फोड. पुढचे मी बघते."

साहेबराव म्हणाले, "तू काय बघणार हाय इथून? डेन्मार्कला काय आपला जावई हाय का?"

"पत्र टाकून या."

"लेकरू परमुलखात हाय. हाकलून दिलं तर मंग?"

"तर येईल घरी. कप धुवून येण्यापेक्षा बरी."

त्यांनी पत्र टाकले, आणि ते टाकल्या क्षणापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. नील्स हात उगारील. ट्रंक बर्फात फेकतील. पोरगी स्टेशनवर एकटी बसली असेल, चार स्वेटर असून एकही अंगात नसेल. पोस्टमन दिसला की मी पळायची. पण 'फोडू नकोस' असे दुसरे पत्र मी लिहिले नाही. दोनदा घेतले, दोनदा ठेवून दिले.

तिचे उत्तर नोव्हेंबरात आले, तीन पानांचे.

तिने फोडला होता. जन्मात पहिल्यांदा काही मुद्दाम तोडले. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना कप हातात घेतला, उभी राहिली आणि फरशीवर आपटला. कोणी ओरडले नाही. इंगरबाईंनी विचारले, "हात कापला का?" मग प्रभा रडली आणि तिने सगळे सांगितले. खिडकी सांगितली, कान तुटलेला कप सांगितला, वरून ओतलेला चहा सांगितला. तिच्या मोडक्या इंग्रजीत तिला अर्धा तास लागला. ऐकून इंगरबाईंनी तिला भिंतीजवळ नेले. तिथे पाच खिळे होते. प्रत्येक खिळ्यावर एकेकाचे नाव निळ्या रंगात. नील्सचा कप नील्सचा, थोरल्याचा थोरल्याचा. त्या घरात कोणीच कोणाचा कप वापरत नाही. पाचव्या खिळ्यावर 'प्रभा' लिहिलेले होते. तिने तेवढेच वाचले होते. आपल्यासाठी खूण केली आहे असे समजली होती.

"आई, मी तुकडे गोळा केले आणि चिकटवले," असे लिहून शेवटी ती म्हणत होती, "इंगरबाईंनी एक प्रश्न विचारलाय. त्या म्हणाल्या, तुझ्या आईने तुला फोडायला सांगितला. तिने तिचा फोडला का?"

मी पत्राची घडी घातली. पुढचा महिना मी खिडकीतल्या कपात निमूट चहा प्यायले आणि विचार केला. माझा फोडला तर दुसरा आणतील, तोही कान तुटलेलाच. चूक त्या कपाची नव्हतीच.

डिसेंबरात तपासणी लागली. विस्तार अधिकारी साहेब येणार. दिवस गावाच्या बाजाराचा नव्हता, शेजारच्या गावाच्या बाजाराचा होता. त्या दिवशी आमच्या गावचा हॉटेलवाला आपले सगळे सामान घेऊन तिकडे जात असे. मी पहिल्या एस.टी.ने गेले. रखमाजीने खोली उघडली. मी नऊ कपांचा ट्रे उचलला, छातीपर्यंत आणला आणि सोडून दिला.

रखमाजी दारातच थबकला. "बाई! काय केलं हे?"

"हातून सुटला."

"दोन्ही हातांतून?"

"दोन्ही."

त्याने तुकड्यांकडे पाहिले, मग खिडकीकडे. "मी बाहेर झाडून राह्यलो व्हतो," तो म्हणाला. "मी काय पाह्यलं न्हाई."

साहेब अकराला जीपमधून उतरले. काकासाहेबांना कपांचे कळले तेव्हा साहेब खुर्चीत बसून हजेरीपट चाळत होते. काकासाहेब रखमाजीच्या कानात म्हणाले, "जल्दी जा, कोणाच्याही घरून आण." रखमाजी गेला आणि जीप परत जाईपर्यंत आला नाही. "सबंध गावात कप भेटलेच न्हाई," असे त्याने नंतर सांगितले.

मी खिडकीतला कप घासून धुतला, चहा भरला आणि साहेबांपुढे ठेवला. काकासाहेबांचा हात टेबलावरून अर्धा उठला. काय म्हणणार होते? कोणत्या तोंडाने?

साहेब प्यायले. "वा! थंडीत बरे वाटले. हेडमास्तर, तुम्ही?"

"एकच कप उरलाय, साहेब," मी म्हणाले. "आत्ता धुवून देते सरांना."

"मला नको. आज उपास आहे."

"उपासाला चहा चालतो, सर. मागच्या चतुर्थीला दोनदा घेतलात."

साहेब हसले. "घ्या हो घ्या. बाई एवढ्या आग्रहाने देताहेत."

मी कप त्यांच्यासमोर धुतला. किटली कपाच्या काठाला टेकवून ओतली. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, कारण धरायला कान नव्हता. मिशा भिजल्या. पहिला घोट त्यांनी तोंडात धरून ठेवला. मला वाटले थुंकतील. साहेब बघत होते. गिळला. मी कप संपेपर्यंत समोर उभी राहिले. नंतर बाकीच्या आठ जणांना, एकेक करून, त्याच कपात पाजला. तीन वाजेपर्यंत मला दुसरे काम नव्हते.

जूनमध्ये माझी बदली केदारखेड्याला झाली. दोन एस.टी. बदलाव्या लागत. मी तो कप पिशवीत घालून घेऊन गेले.

प्रभा त्याआधीच, फेब्रुवारीत परत आली होती. रोड झाली होती, पण कान धड होते. आज ती बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांची नोंद ठेवते. चिकटवलेला कप तिच्या टेबलावर पेन्सिली ठेवायला आहे. मी तिला सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "झाले ना आता? राग गेला?"

"नाही."

गेल्या वर्षी काकासाहेब निवृत्त झाले. निरोप समारंभाचे पत्र मलाही आले. मी ऑइल पेंटची छोटी डबी आणली आणि कान तुटलेला कप प्रभापुढे ठेवला. "तुझे अक्षर चांगले आहे. इंगरबाईंनी लिहिले होते तसे लिही. निळ्यात."

"काय लिहू?"

"काकासाहेब."

तिने ब्रश रंगात बुडवला. "आई, जाऊ दे ना," असे म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. ती म्हणाली, "इंगरबाईंना कळवू का, की तू फोडला नाहीस?"

"कळव. दिला म्हणावे."

तिने कप फिरवून घेतला आणि तुटलेल्या कानाच्या बरोबर वर, सावकाश, सुबक अक्षरांत नाव लिहिले. मी तो रंगीत कागदात गुंडाळून रखमाजीच्या हाती पाठवला. समारंभात भेटवस्तू सगळ्यांसमोर उघडायची त्या शाळेत पद्धत आहे.

रखमाजी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बदनापूरला आला. मी त्याला चहा दिला आणि विचारले.

"उघडला बाई," तो म्हणाला. "मंग सगळ्यांनी नाव वाचलं. ठेवायचा कुठं, तेच त्यांना कळंना. शेवटी मीच इचारलं, सर, खिडकीत ठिवू का?"