पडद्याआडचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — देवापुढं हात जोडतानासुद्धा ह्या गोष्टीला बगल देऊनच पुढं गेले. आज तुम्हाला सांगते आहे. आणि सांगताना मध्येच मला भरतं आलं तर नवल करू नका, कारण गोष्ट सुरू होते ती माझ्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांत. तेच तर वाईट आहे.

लोणावळ्याच्या बाजारात माझ्या सासऱ्यांचा दवाखाना. पुढं दवाखाना, मागं घर. मामंजी हुशार, पण स्वभावानं करडे. कंपाउंडर तर त्यांच्याहून वरताण — घरून आणलेली बाटली नीट धुतलेली नसली की बाईमाणसालाही चारचौघांत फाडून खायचा. मग मावळातल्या बायका तिथं कशाला येतील? आल्या तरी परक्या पुरुषाला दुखणं सांगणार कशा? शेवटी मामंजींनीच तोड काढली. मधल्या खोलीच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा लावला. बायका आत बसू लागल्या, आणि त्यांचं ऐकून घेऊन बाहेर मामंजींना सांगायचं काम माझ्याकडं आलं.

काय सांगू तुम्हाला — माझे पाय जमिनीवर ठरेनात. तोवर माझं जग म्हणजे चूल, पाटा आणि विहीर. आता सकाळचं आवरलं की कधी एकदा दवाखाना उघडतोय असं व्हायचं. मराठी पाचवी झालेली, विशीतली पोर मी, आणि बायका मला 'धाकटी डाक्टरीण' म्हणायच्या. कुणी करवंदं आणायची, कुणी आंबेमोहोराचे पोहे. डाक्टर खेकसत्यात, पर वैनीबाईशी बोललं की निम्मं दुखणं पळतं — असं पार वडगावापर्यंत बोललं जायचं. ते कानावर आलं की मी भाकऱ्या थापताना एकटीच हसायची. तुम्हाला नसतं आवडलं?

खोट एकच होती. दुखणं 'बायकांचं' निघालं की मामंजींचे हात बांधलेले. पडद्याआडून त्याला काय औषध देणार? अशा दोघीतिघींना त्यांनी गाडीनं पुण्याच्या मोठ्या इस्पितळात धाडलं होतं, आणि त्या बऱ्या होऊन परतल्या होत्या. पण प्रत्येक वेळी जेवताना ते म्हणायचे, "असं आहे तर शिकलेली नर्स ठेवायला हवी. म्हणजे सुनबाईला घराकडं बघता येईल." घराकडं. म्हणजे पुन्हा चूल, पाटा आणि विहीर.

त्याच दिवसांत सोना आली. मळवलीच्या एका बंगल्यावरच्या माळ्याची बायको. मांडीवर तान्हं, पदराला धरून एक लहानगी लेक, आणि तोंड पांढरंफटक. माझ्याजवळ सरकली, कानाशी लागली. "वैनीबाई, बाळंत झाल्यापास्नं अंगावरनं जातंय. थांबतच न्हाई. लय भ्या वाटतंय. डाक्टरास्नी सांगा तेवढं."

मी बाहेर आले. पडद्यातून बाहेर काढलेल्या हाताची नाडी मामंजींनी आधीच बघितली होती. ती त्यांना आवडली नव्हती, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी हळूच विचारलं, "बायकांचं काही आहे का गं?"

आणि आता — इथं मी इतकी वर्षं स्वतःला काय सांगत आले ठाऊक आहे? की मला लाज वाटली. बाकावर पुरुष बसलेले, समोर सासरे, कुठली सून तोंडातून असला शब्द काढील? केवढं सोज्वळ कारण! पण शब्द काढायचाच कुठं होता? त्यांनीच विचारलं होतं, मला नुसती मान हलवायची होती. आधीच्या दोघीतिघींच्या वेळी हलवलीच होती की. लाज नव्हती ती. माझ्या डोळ्यांपुढं नर्स आली, माझ्या जागेवर बसलेली.

मी म्हणाले, "नाही, मामंजी. नुसता अशक्तपणा आहे."

त्यांनी ताकदीचं औषध दिलं. बाटली मीच आत नेली. "सांगितलं का?" सोनानं विचारलं. "सगळं सांगितलं," मी म्हणाले, "थांबेल हं आता." तिनं माझा हात कपाळाला लावला. आणि खरं सांगू? मला तेव्हाही बरंच वाटलं.

पुढच्या बाजाराला तिचा नवरा एकटाच आला. पायरीवर बसला. म्हणाला, "सोना गेली, साहेब. समदं रगात गेलं अंगातलं."

मामंजींनी पडद्याकडं तोंड करून विचारलं, "सुनबाई, हे तुला बोलली नव्हती ती?"

अजून वेळ होती. सोना परत आली नसती, पण खरं तरी तिच्या बाजूनं राहिलं असतं. मी म्हणाले, "नाही बोलली."

"लपवलंन," मामंजी म्हणाले. "जीव जातो, तरी लपवतात." तो माळी मान खाली घालून म्हणाला, "मलाबी न्हाई बोलली, साहेब." आणि उठून गेला.

माझा दोष इथं संपला असं वाटलं का तुम्हाला? मामंजींनी हुकूम काढला — पडद्याआड येईल त्या प्रत्येक बाईला ह्या सोनाचं सांगायचं, म्हणजे कुणी काही लपवणार नाही. मी सांगितलं. वर्षानुवर्षं सांगितलं, रंगवून सांगितलं. बायका ऐकून मोकळ्या व्हायच्या, पुण्याला जाऊन बऱ्या व्हायच्या, येऊन माझ्या पाया पडायच्या. नर्सचा विषय बंद झाला. "सुनबाई असताना नर्स कशाला?" मामंजी म्हणाले. हे ऐकायला मी किती आसुसले होते, आणि ऐकून किती खूश झाले, तेही सांगून टाकते.

गेल्या भाताच्या काढणीनंतर एक पोरगी आली, पहिलटकरीण. बसायच्या आधीच बोलायला लागली. "मी मळवलीच्या सोनाची लेक. माजी आय येडी व्हती, लपवून मेली. मी न्हाई लपवायची. समदं सांगती." आणि तिनं सगळं सांगितलं. मी बाहेर जाऊन मामंजींना शब्दन् शब्द सांगितला. ती पुण्याला गेली, सुटली, मुलगा झाला.

मुलाला दाखवायला आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "आयनंबी तुमास्नी असंच सांगितलं असतं तर वाचली असती, न्हाई का वो वैनीबाई?"

"हो गं," मी म्हणाले.