काठी किती बुडली?

दिगंबर गेल्याची बातमी मला मॉलच्या दुकानदारांच्या ग्रुपवर कळली. सकाळी शटर वर करत होतो आणि खिशातला मोबाईल सारखा थरथरत होता. वाटलं, पार्किंगवरून पुन्हा भांडणं सुरू झाली असतील. उघडून बघितलं तर नुसते जोडलेले हात, रांगेनं. त्या सगळ्या हातांच्या वर, पार वर, मॅनेजरसाहेबांचा निरोप... 'आपल्या मॉलचे मेंटेनन्स सुपरवायझर दिगंबर यांचे आज पहाटे नांदेड येथे दुःखद निधन.' मध्येच कुणीतरी चुकून सेलची जाहिरात टाकली होती. ती त्यानं घाईनं काढली आणि त्यानंही हात जोडले. मी त्याचा आयटीआयपासूनचा मित्र. मीसुद्धा हातच जोडले, आणि पहिलं गिऱ्हाईक दारात आलं म्हणून काउंटरमागे गेलो. त्या बाईंना दोन फ्रॉक दाखवले आणि मग शटर ओढून त्याच्या गावाची, उमरीची वाट धरली. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर इथूनच सुरुवात करायला हवी.

अंत्यविधी उरकून दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरला परतलो, तर मॉलच्या ऐन मध्यावर दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला दिगंबरचा भलामोठा फ्लेक्स लटकत होता. ओळखपत्रावरचा फोटो ताणून ताणून मोठा केलेला, त्यामुळे त्याचं तोंड सुजल्यासारखं दिसत होतं. खाली शोकाकुलांची यादी. त्यात माझं नाव दुसरं. मॉलचं छत तिथं काचेचं आहे आणि बरोबर त्या काचेखालीच फ्लेक्स बांधला होता. खाली अंधार पडला, म्हणून भर दुपारी फोटोवर दोन फोकस सोडले होते. ज्या माणसानं त्या काचेखालचे जाहिरातींचे फ्लेक्स काढायला दोन वर्षं भांडण केलं, 'फुकटचं ऊन हाय, त्याला कामून पडदा लावायलाव?' म्हणून प्रत्येक दुकानदाराचं डोकं खाल्लं, त्याच्यासाठी आम्ही पहिलं काय केलं, तर त्याचंच तोंड त्या उन्हासमोर बांधलं. मला हसू आलं. मग संताप आला. पण फ्लेक्स सोडवायला मी काही शिडीवर चढलो नाही.

आमची ओळख नांदेडच्या आयटीआयची. दोघंही इलेक्ट्रिशियन ट्रेडला, एका खोलीत. मी खोलीबाहेर पडताना दिवा सुरूच ठेवायचो आणि दिगंबर जिन्यावरून परत फिरून तो बंद करून यायचा. वीजबिल हॉस्टेलचं, त्याच्या बापाचं काय जात होतं? एकदा चिडून विचारलं तर म्हणाला, 'माझं काय बी जात न्हाई, पर कुठनं तरी येतीच की ती.' यापुढं त्याला सांगता यायचं नाही. भाषण त्याला कधीच जमलं नाही. शिकून तो उमरीच्या जिनिंगमध्ये लागला. माझा जीव काही वायरींमध्ये रमला नाही. मी लातूरला लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान टाकलं आणि पुढं मॉल झाला तेव्हा पहिल्या मजल्यावर गाळा घेतला. मॉलला मेंटेनन्सचा माणूस हवा होता, तेव्हा मीच त्याचं नाव सुचवलं. माझ्या हातून त्याचं झालेलं भलं ते एवढंच, आणि तेही भलं म्हणावं की नाही, आता कळत नाही.

आल्या आल्या त्यानं आमच्या एसींना हात घातला. आम्ही सगळे दुकानदार दारं सताड उघडी ठेवून अठरावर एसी लावत होतो. गिऱ्हाइकाला बाहेरूनच गार झुळूक लागली पाहिजे, हा आमचा हिशोब. ऐन मे महिन्यात माझ्या दुकानातल्या पोरी स्वेटर घालून उभ्या असायच्या. दिगंबर आला, त्यांच्याकडं बघितलं आणि रिमोट मागितला. 'भायेर बेचाळीस, आत अठरा. आरं परकाश, तू कपडे विकायलास का आईसकांडी?' त्यानं एसी पंचवीसवर नेला, दारांना आपोआप मिटायचे स्प्रिंग लावले. आठवडाभर आम्ही त्याच्या नावानं बोटं मोडली. मग पोरींनी स्वेटर काढले, गिऱ्हाईक कमी झालं नाही, आणि आम्ही गप्प बसलो. त्याला शाबासकी मात्र कुणी दिली नाही. फूडकोर्टातलं उष्टं आणि प्लास्टिक वेगळं व्हावं म्हणून तो पहिले काही दिवस स्वतः डब्यांपाशी उभा राहिला. आलेली माणसं त्याला वेटर समजून पाणी मागायची. तो पाणी आणून द्यायचा आणि जाता जाता ताटातलं उष्टं कुठल्या डब्यात टाकायचं तेही दाखवायचा. त्या उष्ट्याचं खत करून त्यानं पार्किंगमधले कडुलिंब वाढवले.

पण त्याचं खरं काम म्हणजे टाकी. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा इथल्या कुणाला सांगायला नको. त्या उन्हाळ्यात मॉलची स्वच्छतागृहं दुपारनंतर कुलूपबंद व्हायची. आम्ही पुरुष कुठंही भागवत होतो. दुकानांतल्या पोरींनी काय करावं, हा प्रश्न एकाही दुकानदाराला पडला नाही, मला तर नाहीच. त्या पोरी सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. माझ्या दुकानातली एक चक्कर येऊन ट्रायल रूमच्या दारात पडली, तेव्हा मला वाटलं उपाशी आली असेल. दिगंबरनं तिला लिंबूपाणी दिलं. ती पेला हातात धरून बसली, पिईना. मग म्हणाली, 'नको काका, कुलूप हाय.' दुसऱ्या दिवशी तो तळघरात बॅटरी घेऊन फिरताना दिसला. बांधकामाच्या वेळी खोदलेली एक मोठी टाकी तिथं डेब्रिज टाकून पडीक ठेवली होती. ती त्यानं उपसली, गिलावा करून घेतला, गच्चीवरचं पावसाचं पाणी, एसींचं थेंबथेंब पाणी आणि फूडकोर्टातल्या बेसिनांचं पाणी खडी-वाळूतून गाळून तिच्यात सोडलं. पिण्याचं नव्हे, फ्लशचं आणि फरशीचं. मॅनेजमेंटकडून त्याला पाइप मिळाले, बाकी सगळं भंगारातून आणि विनवण्या करून. त्यानंतर कितीतरी उन्हाळे मॉलच्या स्वच्छतागृहांना कुलूप लागलं नाही.

टाकीचं पाणी मोजायला मीटर बसवला होता, तो दोन महिन्यांत बिघडला. मग दिगंबरनं उमरीच्या आपल्या शेताच्या बांधावरून एक वेळूची काठी आणली आणि वीत-वीत अंतरावर तिला लाल ऑइलपेंटचे पट्टे मारले. रोज सकाळी दुकानं उघडायच्या आधी तो काठी टाकीत बुडवायचा आणि कामगारांच्या दाराशी लावलेल्या फळ्यावर खडूनं लिहायचा... 'आज सात पट्टे.' आम्ही त्याला दिगूचं पंचांग म्हणून हसायचो. पण सफाईचं काम बघणाऱ्या शमीमआपा फळा वाचल्याशिवाय बादलीला हात लावत नसत. सातच्या वर असलं तर फरशी धुवायची, सातच्या खाली पुसायची, आणि तीनच्या खाली आलं की अर्ध्या बादलीत सगळा मजला. हा नियम कुणी लिहून दिला नव्हता. आपांनी आणि दिगंबरनं उभ्या उभ्या ठरवला होता. मॅनेजमेंटला मात्र त्या पाण्याचा उपयोग वेगळाच सुचला. त्यांनी प्रवेशद्वारावर 'आमचा मॉल, पर्यावरणपूरक मॉल' अशी दिव्यांची पाटी लावली. ती दिवसाही जळत असे. दिगंबरनं ती दिवसा बंद करायला सुरुवात केली, तर त्यालाच नोटीस मिळाली.

गेल्या गणपतीत त्याच्या पोटाचं दुखणं निघालं. नांदेडला दाखवलं, आणि जे निघालं ते फार पुढं गेलेलं होतं. रजेवर जाताना तो काठी घेऊन माझ्या दुकानात आला. 'रोज बुडव आन् फळ्यावर लिव. आपा वाट बघत्यात.' मी काठी घेतली. तीन आठवडे इमानानं बुडवली. मग दिवाळी तोंडावर आली. माल ठेवायला गाळ्यांत जागा नव्हती, आणि दुकानदारांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, तळघरातली टाकी बुजवली तर अख्खं गोदाम निघेल, पाणी काय टँकरनंही येतं. सगळ्यांना पटलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, दुकानदार संघटनेनं लेखी द्यावं, म्हणजे वर दाखवता येईल. संघटनेचा सचिव मी. पत्र माझ्या हातचं आहे. 'सदर टाकी वापरात नसून तिच्यामुळे डासांचा उपद्रव होतो.' हे डासांचं मला कुणी सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या अकलेनं घातलं, वजन पडावं म्हणून. आठ दिवसांत गच्चीचे पाइप गटारात सोडले, टाकीत मुरूम ओतला, वर काँक्रीट झालं. दिवाळीच्या मालाचे माझे खोके सगळ्यात आधी तिथं गेले.

मी दर पंधरा दिवसांनी एसटीनं नांदेडला त्याला बघायला जायचो. दर वेळी तो आधी बायको-पोरांची चौकशी करायचा आणि मग म्हणायचा, 'काठी किती बुडायली?' टाकी बुजवल्यावर, ऐन दिवाळीत, त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा सांगणार होतो, खरंच सांगणार होतो... पण त्याच्या हाताला सलाईन होतं, वहिनी शेजारी बसल्या होत्या, आणि माझ्या तोंडून निघालं, 'आठ पट्टे.' तो 'बरं' म्हणाला. त्यानंतर सोपं झालं. एसटीत बसल्या बसल्याच मी आकडा ठरवून ठेवायचो. दिवाळीनंतर सात, संक्रांतीला सहा, पुढं पाच. खोट्यालाही ऋतुमान लागतं, याची मी काळजी घेत होतो. आजारी माणसाला त्रास नको, असं स्वतःला सांगत होतो. फाल्गुनात शेवटचा गेलो तेव्हा त्याला बोलायलाही दम लागत होता. म्हणालो, 'चार पट्टे आहे.' त्यानं डोळे मिटले. तसाच म्हणाला, 'फागुनात चार? न्हाई रे, लई झालं. तीन म्हण.' मला वाटलं, पडल्या पडल्या बिचारा हिशोब करतोय. मी म्हणालो, 'हो, तीनच असेल. नीट बघतो उद्या.' 'हाव, नीट बघ,' म्हणाला.

महिना होऊन गेल्यावर काठी घेऊन मी उमरीला गेलो. त्याची वस्तू त्याच्या घरी असावी, असं वाटलं. खरं तर दुकानात ती डोळ्यांसमोर नको होती. सुमनवहिनींनी चहा दिला. काठी हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि परत माझ्या हातात दिली. 'भाऊजी, हिचं आमी काय करावं? आमच्याकडं कुठं टाकी हाय?' मी म्हणालो, 'आता तिकडंही...' आणि थांबलो. त्या म्हणाल्या, 'ठाव हाय. आपा दिवाळीच्या आधीच येऊन सांगून गेल्या व्हत्या त्यास्नी.' दिवाळीच्या आधी! म्हणजे माझ्या पहिल्या आठ पट्ट्यांच्याही आधी. 'मग तो मला विचारत का होता, वहिनी?' त्या चुलीकडं बघत म्हणाल्या, 'मी बी तेच म्हणलं त्यास्नी. कामून इचारता फिजूल, त्या माणसाला बी त्रास. तर म्हणले, बघू की, कवा सांगतोय ते.'

तो वाट बघत होता. चार महिने, सलाईन लावलेल्या हातानं, तो माझी वाट बघत होता, आणि मी त्याला आकडे देत होतो. शेवटी थकून त्यानंच माझं खोटं दुरुस्त करून दिलं, एक पट्टा कमी करून. त्यानं शिवी दिली असती तर मी आज हे लिहिलं नसतं.

आता वैशाख चालू आहे. टँकर येतो तेव्हा येतो. मॉलच्या स्वच्छतागृहांना दुपारी तीननंतर पुन्हा कुलूप लागतं. पर्यावरणपूरक पाटी दिवसरात्र जळते आहे आणि काचेखालच्या दिगंबरच्या जागी उन्हाळी सेलचा फ्लेक्स आला आहे. माझ्या दुकानातल्या पोरी पाण्याच्या बाटल्या आणतात आणि संध्याकाळी भरलेल्या तशाच घरी नेतात. हे मला आता दिसतं. टाकी पुन्हा उघडावी म्हणून संघटनेपुढं पत्र ठेवलं, तर अध्यक्षांनी माझंच जुनं पत्र काढून दाखवलं. अक्षर माझं, डासही माझेच.

परवा दुकानं उघडायच्या आधी काठी घेऊन तळघरात गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. खोक्यांच्या मधल्या जागेत ती जमिनीला टेकवली. काँक्रीटवर टक् असा आवाज झाला. वर आलो. कामगारांच्या दाराशी फळा अजून आहे, कोरा. खाचेत खडूचा तुकडासुद्धा तसाच होता, दिगंबरच्या बोटांनी एका बाजूला झिजलेला. मी लिहिलं... 'आज शून्य पट्टे.' मागं शमीमआपा बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सवयीनं फळा वाचला, मग माझ्याकडं बघितलं.

'आत्ता लिवलाव व्हय, भाऊ?' म्हणाल्या, आणि अर्धी बादली घेऊन वर गेल्या.