कालव्याकाठचा खड्डा

मेलबर्नची यारा नदी फार वळणं घ्यायची, म्हणून जहाजं शहरापर्यंत यावीत यासाठी जुन्या काळी माणसांनी फावड्यांनी माती उपसून एक सरळ कालवा खणला. त्याच्या काठाच्या दुरुस्तीआधी माती तपासायचं काम माझ्याकडे आलं. भिंतींना आधार लावल्याशिवाय खड्ड्यात उतरायचं नाही, हा नियम सकाळी मीच सगळ्यांना वाचून दाखवला. आणि उतरले मीच.

मी पुण्याची. आमच्या मुरमात खड्डा खणला की त्याच्या भिंती महिनोन्‌महिने उभ्या राहतात. इथे शहराच्या पश्चिमेला, टार्निटला, घर बांधताना पाया खणला तर पुण्यासारखाच काळा दगड लागला, तेव्हापासून इथली जमीन मला कळते असा माझा समज. शहाणपण नडतं ते असं. नमुना घ्यायला दोनच मिनिटं लागतील, म्हटलं.

डोक्याहून खोल त्या खड्ड्याच्या तळाशी मऊ, राखाडी गाळ होता. उजवा बूट घोट्याच्या वर रुतला. वर पाहिलं तर काठावर बोटभर भेग, आणि माझ्या देखत तिची दोन बोटं झाली.

खणायचं मशीन चालवणारे पंजाबी काका टार्निटशेजारच्या ट्रुगानिनाचे. हादरा बसू नये म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं, काठावर फळी टाकली, तिच्यावर पालथे पडून हात खाली सोडला.

"बेटा, जूता छोड. पांव निकाल ले."

"एक मिनिट अंकल, निकल रहा है."

निघत नव्हता. पण एका पायाने अनवाणी वर गेले की अख्ख्या साइटला कळणार, बाईंनी स्वतःचाच नियम मोडला. जीव जायची वेळ आणि मी अब्रू सांभाळत होते.

"जूता छोड," ते पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज कापत होता. मग मात्र मी पार घाबरले. चिखलात चाचपडत नाडी सोडली, पाय उपसला. त्यांनी मनगट धरून मला वर ओढलं आणि आम्ही दोघं लोळतच मागे सरकलो.

भिंत आवाजही न करता खाली बसली.

मी सॉरी म्हटलं. "नो वरीज," काका म्हणाले, आणि उभं राहायला गेले तर मटकन खाली बसले. तेव्हा मी नीट पाहिलं. फळी नव्हती, आणि फळीखालचा काठही नव्हता. मी बुटाशी झटत होते ते अख्खं मिनिट त्यांच्या पोटाखालची जमीन सरकत होती, आणि त्यांना ते कळत होतं.