टेस्ट रिपोर्टवरची सही

चौक गावात मेल्रॉयला कुणी घाबरट म्हटलं नसतं. सणाला चर्चच्या मनोऱ्यावर चढून दिव्यांच्या माळा लावणारा हा गडी, चालू लाइनची तार गप्पा मारता मारता सोलायचा. पण गेले चार दिवस एका फॉर्मपुढे त्याची पाचावर धारण बसली होती.

वीस वर्षं तो जॉय अंकलच्या लायसनवर काम करत आला. वायरिंग मेल्रॉयची, टेस्ट रिपोर्टवर सही अंकलची. अंकल मोठे सोयीचे. कोऱ्या रिपोर्टच्या बंडलावर एकदम सह्या ठोकून द्यायचे, आणि मेल्रॉय घरमालकाचा चहा पिता पिता अर्थिंगचं, म्हणजे शॉक जमिनीत उतरवणाऱ्या तारेचं, रीडिंग भरायचा. मोजायचा कधी? मोजायचं यंत्र अंकलच्या कपाटात, त्यातली बॅटरी कधीच मेलेली. सगळ्या घरांना एकच आकडा, आणि तोही इतका देखणा की शंका घ्यायला जागाच नाही.

आता अंकलची नजर गेली आणि त्यांनी लायसन सोडलं. मेल्रॉयला स्वतःची नोंदणी करणं भाग होतं. वायरमनचा परवाना काढला, तर केबिन रोडच्या लायसनवाल्या कॉलिनच्या हाताखाली काम करायचं, सही कॉलिनची. सुपरवायझरची परीक्षा दिली, तर सही आपली, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर मानही आपलीच.

"वायरमनचं भर," अंकल म्हणाले. "कॉलिनपण कोऱ्या सह्या देतो. मजेत राहशील."

बायको टिना मोबाइलवर फॉर्म उघडून बसली होती. "शुक्रवार शेवटची तारीख हाय. कुठलं टाकू?"

"थांब जरा."

"चार दिस थांबलेच हाय मी."

परीक्षेची भीती वाटते, असं त्याने तिला सांगितलं. साफ खोटं. फॉर्मला आजवरच्या कामांची यादी जोडायची होती. पहिलंच नाव लिहिलं, रुथमावशी, आणि पेन तिथेच थांबलं. अकरा वर्षांपूर्वी तिचं घर त्याने केलं होतं. अर्थिंगची तार समुद्राच्या बाजूला, खाऱ्या वाळूत पुरली होती. त्यानंतर त्या तारेकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, आणि मावशी घरात एकटी.

गुरुवारी सकाळी तो टेस्ट लॅम्प घेऊन तिच्याकडे गेला. "सहज आलो," म्हणाला. मावशी चहासाठी दूध काढायला उठली. फ्रिजपाशी रबरी चपला ठेवल्या होत्या. त्या पायात सरकवल्या, हात कोरडे पुसले, मगच तिने दार उघडलं.

"घरात चपला कशाला गो?"

"पावसापासून फ्रिज चावतो जरा, करंट मारतो. चपला घातल्या का न्हाय चावत."

"मग मला सांगायचं न्हाय?"

"तुला कशाला त्रास? जॉयच्या सहीचा कागद कपाटात हाय माझ्या. मी कशाला भिऊ?"

सही जॉयची असेल, आकडा मेल्रॉयने स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्याने फ्रिजचा प्लग काढला, मावशीला अंगणात बसवलं आणि चालू तार आणि अर्थच्या मध्ये टेस्टचा दिवा लावून बघितला. टोकं घासून पुन्हा लावला. दिवा पेटला नाही, म्हणजे अर्थिंगच उरलं नव्हतं. बाहेर खणलं तेव्हा तांब्याच्या तारेच्या जागी हिरवा भुगा हाताला लागला.

"मी मोजलं नव्हतं, मावशी," तो म्हणाला. "तसंच लिहिलं होतं."

मावशीने पायातल्या रबरी चपलांकडे पाहिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

नवी तार, नवा रॉड टाकून दुपारी दिवा पेटला तेव्हाच तो घरी परतला. "सुपरवायझरचं भर," त्याने टिनाला सांगितलं.

"परीक्षेला भीत होतास ना?"

"परीक्षेला कोण भितोय?" त्याने रुथमावशीच्या घरात काय निघालं ते सांगितलं. "अशी चोपन्न घरं हायत. सगळी खणून बघायला लागतील."

"आता पुढचं घर कुणाचं?"

त्याने मान वर केली नाही. "तुझ्या आईचं."

टिनाने फॉर्म तसाच सोडून आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. मेल्रॉय फावडं घेऊन धावत सुटला.